फाटकाच्या अलीकडची भोंगाबाई

तिला भोंगाबाई म्हणतात आणि ती ओ देते. सुरुवातीला भांडायची, मग भांडता भांडता तोच आवाज ऐकून लोक आणखी हसायचे, म्हणून सोडून दिलं. नाव पडलं ते खोक्यांच्या कारखान्यात. ती तिथे पुठ्ठ्याच्या खोक्यांना पिना मारायच्या मशीनवर बसते. त्या मशीनचा ठकठकाट असा, की कानाशी येऊन बोललं तरी कळू नये. बाकीच्या बायका हातवारे करून बोलतात. ही तोंडाने बोलायची आणि ते बाहेर ट्रकमधून पुठ्ठे उतरवणाऱ्या हमालाला ऐकू जायचं. तोच एक दिवस म्हणाला, बाई आहे का भोंगा. झालं. बारसं फुकटात उरकलं.

नवरा घड्याळं दुरुस्त करतो. डोळ्याला भिंग लावून दिवसभर मान खाली. मुळातच कमी बोलणारा आणि लग्नानंतर तर त्याला बोलायची गरजच उरली नाही. आमच्या घरात टिकटिक माझी आणि टोले हिचे, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. ती ऐकून न ऐकल्यासारखं करते. नवऱ्याचं बोलणं तिला लागत नाही, इतरांचं लागतं.

बाई रागीट, हे उगाच कशाला झाकून ठेवा? औषधाच्या दुकानात कोणी मध्येच घुसला की ती त्याची खरडपट्टी काढते. बस थांब्यावर थांबली नाही तर पुढच्या थांब्यापर्यंत तिच्यामागे चालत जाऊन ड्रायव्हरला गाठते. लोक म्हणतात, एवढं काय डोक्यात घालून घ्यायचं? ज्यांना डोक्यात घालून घ्यावं लागत नाही ते असं म्हणतात. या रागाला एक गाव आहे. त्या गावाला फाटक आहे.

वस्ती आणि मोठं इस्पितळ यांच्या मधून रेल्वेचे रूळ जातात. प्रवासी गाडी आली की फाटक लागतं, गेली की उघडतं, त्याचं कोणाला काही नाही. पण मालगाडीला पुढचा सिग्नल मिळाला नाही की ती फाटकातच ठाण मांडते, डब्यामागे डबा, शेवट दिसत नाही. मग अलीकडचे अलीकडे आणि पलीकडचे पलीकडे. कामावर जाणारे दांड्याखालून वाकून, दोन डब्यांच्या मधल्या कडीवर पाय देऊन उतरतात, गाडीला शिव्या घालत. वाकता येतं ते वाकतात.

भोंगाबाईच्या धाकट्या बहिणीला वाकता येण्यासारखं नव्हतं. तिच्या कळा सुरू झाल्या तेव्हा अलीकडे बाळंतपणाची काहीच सोय नव्हती. टेम्पोत गादी घालून तिला नेलं आणि फाटकाशी येऊन बघतात तर मालगाडी उभी. भोंगाबाई टेम्पोतून उतरली आणि इंजिनाकडे ओरडत धावली. फाटकवाल्यावर ओरडली. तो हात जोडून उभा राहिला, त्या बिचाऱ्याच्या हातात काय होतं? घसा बसेपर्यंत ओरडली. गाडी हलली तेव्हा बहिणीचं अंग गार पडायला लागलं होतं. मूलही राहिलं नाही. उभ्या जन्मात पहिल्यांदा या बाईच्या आवाजाचा काही उपयोग झाला नाही, आणि ते तिने कोणालाच माफ केलेलं नाही. गाडीला नाही, फाटकाला नाही, स्वतःलाही नाही.

भेटायला येणारे सांत्वन करत होते. जे व्हायचं ते होतं, त्याच्यापुढे कोणाचं चालतं, वगैरे. ती भिंतीला टेकून बसायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघायची. एक दिवस काळा कोट हातावर टाकलेली एक तरुण वकीलबाई आली. ओळख ना पाळख. ती जमिनीवरच बसली आणि सांत्वनाचा एक शब्द बोलली नाही. तिने विचारलं, फाटकाच्या अलीकडे एवढी माणसं राहतात, मग बाळंतपणाची सोय अलीकडे का नाही? भोंगाबाईने तोवर फाटकाला शिव्या दिल्या होत्या, नशिबाला दिल्या होत्या. हा प्रश्न तिला सुचलाच नव्हता. तिला पहिल्यांदा कोणाला शिव्या द्यायच्या ते कळलं.

मंच निघाला तो तिथून. वकीलबाई, शाळेतून निवृत्त झालेले एक सर, कारखान्यातल्या बाया, काही रिक्षावाले, एक बेकार पदवीधर. ज्याला कोणी वाली नाही त्याच्यासाठी भांडायचं, हा धंदा. कचेरी सायकलच्या दुकानाच्या वर. जिना चढताना पंक्चरच्या सोल्यूशनचा वास नाकात जातो आणि वर सर बसलेले असतात. सरांना मुद्दा सर म्हणतात, कारण ते कोणतंही वाक्य ‘मुद्दा असा आहे’ इथून सुरू करतात आणि मुद्द्यापर्यंत पोचायच्या आत चहा येतो. माणूस वाईट नाही. नुसता लांबलचक आहे.

पहिल्या मोर्चात वकीलबाई स्वतः घोषणा देत होत्या. त्यांचा आवाज कोर्टाच्या खोलीपुरता, रस्त्यावर पहिल्या दोन रांगांपलीकडे जाईना. मागचे लोक आपापसात गप्पा मारत चाललेले. वकीलबाईंनी कर्णा काढून भोंगाबाईच्या हातात दिला आणि म्हणाल्या, हे घे, काय म्हणायचं ते तुला माहीत आहे. भोंगाबाईने तोंड उघडलं आणि चौकातली कबुतरं उडाली, असं लोक अजून सांगतात. कबुतरांचं सोडा. पाण्याच्या टाकीशेजारी बैठं प्रसूतिगृह उभं राहिलं, ही गोष्ट खरी आहे. त्यात बायका सुखरूप बाळंत झाल्या, शेजारणी झाल्या, कारखान्यातल्या पोरी झाल्या. भोंगाबाई कामावरून येताना वाट वाकडी करून त्या इमारतीवरून जायची आणि आतून रडण्याचा आवाज आला की पावलं सावकाश टाकायची.

घोषणा जुळवायची तिची एक पद्धत होती. हात मशीनवर चालायचे आणि ठकठकीवर शब्द बसायचे. एक ठक आपली, एक ठक लोकांची. आपण अर्धं टाकायचं, लोकांनी अर्धं उचलायचं. सर लिहून आणायचे त्या घोषणा म्हणजे निबंध. त्या म्हणता म्हणता चौक संपायचा. तिचं म्हणणं सरळ होतं, लोकांना चालता चालता विचार करायला लावायचा नाही, उत्तर तोंडात आपोआप आलं पाहिजे.

आणि मग, इतक्या वर्षांनी, त्या बैठ्या इमारतीच्या दारावर कागद लागला. प्रसूतिगृह पलीकडच्या मोठ्या इस्पितळात नेणार. तिथे नवा मजला बांधलाय, नवी यंत्रं आहेत, एसी आहे. त्याला शब्द वापरला होता ‘स्थलांतर’. बंद करणार असं कुठेच म्हटलेलं नव्हतं. भोंगाबाईने तो कागद वाचला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पक्षी करतात त्याला स्थलांतर म्हणतात. पक्ष्यांना फाटक लागत नाही.

त्याच सुमारास तिच्या लेकीला दिवस गेले होते. एकुलती एक लेक, दोन गल्ल्या सोडून राहते, पाखडलेल्या धान्याच्या दुकानात हिशेब बघते. चण मावशीची, नाजूक. तपासायला गेली तेव्हा डॉक्टरणीने सांगितलं, अंगात रक्त कमी आहे, कळा सुरू झाल्या की रेंगाळू नका, लगेच या. लगेच या. फाटक मध्ये असताना ‘लगेच’ या शब्दाला काय अर्थ आहे, ते डॉक्टरणीला कोण सांगणार?

तर मोर्चे सुरू झाले. भोंगाबाई कर्ण्यात म्हणायची, ‘स्थलांतराचा निर्णय’, आणि लोक म्हणायचे, ‘रद्द करा, रद्द करा’. ठक, आणि ठक ठक. ही घोषणा अशी काही तोंडात बसली की सुटेना. पोरं लपंडाव खेळताना ओरडायची. कारखान्यात मुकादम म्हणाला, आज जादा काम आहे, की सगळ्या बायका एका सुरात, रद्द करा, रद्द करा. एकदा तिने सांगितलं, भाजी आज दुधीची केली आहे, तर भिंगातून मान वर न करता नवरा म्हणाला, रद्द करा, रद्द करा. त्या दिवशी तीसुद्धा हसली. आरोग्य खात्याच्या साहेबांच्या कचेरीसमोर, टाकीपाशी, आठवड्याच्या बाजारात, उन्हात, पावसात घोषणा तीच. वस्तीचा श्वासच तसा चालायला लागला होता.

मग एक दिवस साहेबांनी वकीलबाईंना आणि सरांना चर्चेला बोलावलं. एकदा झाली, दुसऱ्यांदा झाली. भोंगाबाईला बोलावलं नव्हतं. तिने मनाला लावून घेतलं नाही, एसीच्या खोलीत आपलं काय काम, आपला आवाज तिथे मावायचा नाही. तिचा वकीलबाईंवर विश्वास होता. पूर्ण, आंधळा, लहान मुलाचा असतो तसा.

चर्चा संपल्यावर मंचाच्या कचेरीत बैठक झाली. सर उभे राहिले आणि म्हणाले, मुद्दा असा आहे. या वेळी मुद्दा लवकर आला. स्थलांतर होणारच, पण ते ‘सुधारित स्थलांतर’ होईल. टाकीशेजारच्या इमारतीत मार्गदर्शन केंद्र राहील. दारात रुग्णवाहिका उभी राहील. आणि फाटकावर उड्डाणपूल बांधायचं साहेबांनी तत्त्वतः मान्य केलं आहे. सरांनी ‘तत्त्वतः’ हा शब्द असा उच्चारला की जणू पुलाचा अर्धा भाग बांधून झाला. हा मंचाचा विजय आहे, येत्या रविवारी टाकीसमोर विजय सभा घ्यायची, साहेब स्वतः येणार आहेत.

कोणी कोणी टाळ्या वाजवल्या. भोंगाबाई उभी राहिली. तिने विचारलं, ती रुग्णवाहिका फाटकावरून उडते का?

कोणी तरी हसलं. हसण्यासारखं काय होतं त्यात? सर म्हणाले, भावनेच्या भरात जाऊ नका. व्यापक विचार करा. पुढे निवडणूक आहे, मंच पहिल्यांदा स्वतःचा उमेदवार उभा करणार आहे, साहेबांशी संबंध चांगले राहिले तर इतर दहा कामं होतील. ती म्हणाली, माझं एकच आहे. आणि वकीलबाईंकडे बघितलं. वकीलबाई टेबलावरचे कागद सरळ करत होत्या. आधीच सरळ असलेले कागद.

बैठक संपल्यावर जिन्यात वकीलबाईंनी तिला थांबवलं. खाली कोणीतरी चाकाचे आरे ठोकत होतं. त्या हळू आवाजात बोलल्या. सगळं मिळत नाही, जेवढं मिळतं तेवढं घ्यावं लागतं, मी पण थकले गं. उद्या साहेबांसमोर लोक उखडले तर पूलही जाईल. तू उभी राहिलीस तर लोक ऐकतील. आणि शेवटी म्हणाल्या, “इतक्या वर्षांत मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. एवढी एक सभा कर.”

ते खरं होतं. भोंगाबाईला जमिनीवर बसलेली ती तरुण बाई आठवली, हातावर टाकलेला कोट आठवला. तिने मान हलवली. नाही म्हणता आलं नाही. मग जिना उतरताना तिने सायकलच्या दुकानदाराला उगाचच झापलं, वाटेत टायर कशाला ठेवतोस म्हणून.

नवी घोषणा सरांनी केली होती. ‘सुधारित स्थलांतराचा निर्णय’ आणि लोकांनी म्हणायचं, ‘स्वागत आहे, स्वागत आहे’. मशीनवर बसून तिने ती ठकठकीवर बसवून बघितली. बसेना. पिना वाकड्या पडल्या, खोकी बाजूला काढावी लागली. मुकादम बोलला, तिने उत्तर दिलं नाही. मुकादम घाबरून लांब जाऊन उभा राहिला.

शनिवारी संध्याकाळी लेक आली. पायावर सूज, एका हाताने कंबर धरलेली. तिच्या कानावर गेलं होतं. खुर्चीत बसायच्या आधीच तिने विचारलं, तू हो म्हणालीस? भोंगाबाई भांडी घासत होती. तिने वकीलबाईंचं सांगितलं, पुलाचं सांगितलं, रुग्णवाहिकेचं सांगितलं. सांगताना तिच्याच लक्षात आलं की आपण सरांसारखं बोलतोय. लेकीने सगळं ऐकून घेतलं. ती आईसारखी नाही, ओरडत नाही. म्हणूनच तिचं बोलणं जास्त लागतं.

“आई, मी मावशीसारखी फाटकात अडकले तर तू काय म्हणशील? स्वागत आहे?”

नवऱ्याने भिंग काढून ठेवलं. घरात फक्त घड्याळं ऐकू यायला लागली. भोंगाबाईच्या ओठांवर शिवी आली, लेकीला द्यायची की वकीलबाईंना की स्वतःला ते ठरेना, आणि ती तोंडातच राहिली. घासलेलं पातेलं तिने पुन्हा घासायला घेतलं. लेक आली तशी भिंतीला धरून निघून गेली. बाप तिला सोडायला मागे गेला.

रविवारी सकाळी टाकीसमोर माणसं जमली. मांडव, खुर्च्या, माइक. व्यासपीठावर साहेब, त्यांच्या शेजारी सर, वकीलबाई. मागे प्रसूतिगृहाचं दार आणि दाराशी ट्रक. सभा संपली की खाटा न्यायला तो आला होता. एवढीही लाज नव्हती, निदान सोमवारी तरी आणायचा. काही खाटा बाहेर काढून भिंतीला उभ्या केलेल्या, गाद्यांशिवाय, नुसत्या लोखंडी पट्ट्या. मोठ्या सिस्टर दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या आणि कोणाकडेच बघत नव्हत्या.

साहेब गोड बोलले. वस्तीच्या जागरूकतेचं कौतुक केलं, मंचासारख्या जबाबदार संघटना हव्यात असं म्हणाले. ‘जबाबदार’ म्हणताना सरांकडे बघून हसले आणि सर लाजले. आता आपल्या लाडक्या भोंगाबाई घोषणा देतील, असं सरांनी जाहीर केलं. लाडक्या म्हणे. तिने माइक हातात घेतला. तिने डोळे मिटले आणि कबूल केल्याप्रमाणे म्हटलं, “सुधारित स्थलांतराचा निर्णय...”

आणि अख्ख्या वस्तीने उत्तर दिलं, “रद्द करा, रद्द करा!”

कोणी ठरवून केलं नव्हतं. आपोआप आलं. इतके महिने तोंडात बसलेलं होतं, ‘निर्णय’ हा शब्द पडला आणि उत्तर बाहेर आलं, गुडघ्यावर टिचकी मारली की पाय उडतो तसं. मग लोकांच्याच लक्षात आलं आणि हशा पिकला. म्हाताऱ्यांनी जीभ चावली. साहेबसुद्धा समजूतदारपणे हसले. सर मागून कुजबुजले, स्वागत म्हणायला सांगा, स्वागत. वकीलबाईही म्हणाल्या, हसतच, सांग त्यांना, चुकलं म्हणावं, पुन्हा घ्या.

चुकलं म्हणावं. भोंगाबाईने डोळे उघडले. समोर माणसं होती, हसत होती, पुन्हा म्हणायला तयार होती. तिने सांगितलं असतं तर त्यांनी स्वागतही म्हटलं असतं, तिच्या आवाजावर त्यांचा तेवढा भरवसा होता. एवढंच तर करायचं होतं. त्यांच्या तोंडातून एक शब्द काढून दुसरा घालायचा. मांडवाच्या कडेला, उभ्या केलेल्या खाटांपाशी लेक उभी होती. एका खाटेच्या लोखंडाला धरून. ती हसत नव्हती.

तिने माइक तोंडाशी नेला. ‘सुधारित’ गाळलं. “स्थलांतराचा निर्णय...”

या वेळी उत्तर आपोआप आलं नाही. मध्ये एक श्वास गेला. तेवढ्यात लोकांना कळलं की बाई चुकलेली नाही. आणि मग जो आवाज उठला तो मोर्चात कधी उठला नव्हता. रद्द करा, रद्द करा. तिने पुन्हा म्हटलं, पुन्हा उठला. साहेबांचं हसू गालावरच वाळलं. सर उठले, धडपडत माइकच्या वायरीकडे गेले आणि त्यांनी ती उपटली. माइक बंद पडला. भोंगाबाईला माइक बंद करून गप्प करायला निघाला होता हा माणूस! इतकी वर्षं तिच्याबरोबर काढून एवढंही कळू नये? तिने तो खुर्चीवर ठेवला आणि नुसत्या तोंडाने म्हणायला लागली. कारखान्यात ठकठकाटाच्या वरून बोलायची तशी. टाकीच्या पलीकडून माणसं धावत आली.

साहेब गाडीत बसून निघून गेले. बायका मांडवातून उठल्या आणि प्रसूतिगृहाच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या, ट्रकच्या आणि दाराच्या मध्ये. कोणी कोणाला सांगितलं नाही. मोठ्या सिस्टरांनी हाताची घडी सोडली आणि एका खाटेला हात घातला, मग चार जणी गेल्या आणि खाटा परत आत गेल्या. ट्रकवाला थोडा वेळ विडी ओढत उभा राहिला आणि रिकामा गेला.

वकीलबाई मांडवात एकट्या उभ्या होत्या. त्या भोंगाबाईपाशी आल्या, चेहरा पांढराफटक. “तू माझं नाक कापलंस,” त्या म्हणाल्या. भोंगाबाईच्या मनात खूप काही होतं. तिच्या तोंडून एवढंच निघालं, तुम्हीच म्हणाला होता, काय म्हणायचं ते मला माहीत आहे. वकीलबाई वळून निघून गेल्या, फाटकाच्या दिशेने. त्या पलीकडे राहतात. चांगली सोसायटी आहे, झाडं आहेत.

मंचात दुफळी माजली. सरांनी शिस्तभंगाचा ठराव मांडला आणि भोंगाबाईला मंचातून काढून टाकलं. तिने ते ऐकलं आणि म्हणाली, काढा, कर्णा मात्र माझ्याकडे आहे. बायका पाळीपाळीने पायऱ्यांवर बसत राहिल्या, कामावरून सुटलेल्या आल्या की बसलेल्या उठायच्या. खात्याने नवा कागद लावला, स्थलांतर ‘तूर्त’ स्थगित. लोक नाचले. भोंगाबाई नाचली नाही. आधी ‘सुधारित’, मग ‘तत्त्वतः’, आता ‘तूर्त’. ह्यांच्याकडे शब्दांची फार सुबत्ता आहे, ती म्हणाली, आणि पायरीवरून उठली नाही. रात्री झोपताना तिला सगळ्यात जास्त त्रास व्हायचा तो वकीलबाईंचा. साहेबांवर चिडणं सोपं होतं. ज्या माणसाने आपल्याला चिडायला शिकवलं त्याच्यावर चिडायचं म्हणजे आतडं पिळवटतं. ती नवऱ्याला म्हणायची, त्यांनी यावं आणि मला दोन शिव्या द्याव्यात, पण यावं. नवरा म्हणायचा, येतील. त्याच्याकडे आलेलं प्रत्येक बंद घड्याळ चालू होतं असा त्याचा समज आहे.

लेकीच्या कळा भर दुपारी सुरू झाल्या. जावयाने रिक्षा आणली पण ती चालतच निघाली, एवढं जवळ होतं. तिला आत घेतलं आणि दार लागलं. भोंगाबाई पायरीवर बसली. तेवढ्यात लांबून फाटकाची घंटा वाजली, आणि मग चाकांचा तो सावकाश होत जाणारा आवाज. मालगाडी आली. थांबली. तिचं सगळं अंग ताठ झालं. गाडी हलण्याचा आवाज येईना.

आत धावपळ झाली. रक्त थांबत नव्हतं. मोठ्या सिस्टर एकदा बाहेर येऊन जावयाला रक्ताच्या बाटलीसाठी ओरडून गेल्या, ती इथेच फ्रीजमध्ये होती, त्याने आणून दिली, लगेच लावली. दुपार कलली. मग एकदाचा रडण्याचा आवाज आला, बारीक, आणि त्यानंतर बराच वेळाने सिस्टर घाम पुसत आल्या. दोघी ठीक आहेत म्हणाल्या. मुलगी झाली. थोडा जरी उशीर झाला असता तर, असं त्या म्हणायला लागल्या आणि भोंगाबाईने हात वर करून त्यांना गप्प केलं. तिला आनंद झाला असणार, पण आधी जे वर आलं तो राग होता. इतका, की बसल्या जागी पायरीवर मूठ आपटली आणि बोटं सोलवटली. एका माणसाला एसीच्या खोलीत बसून हे ‘तत्त्वतः’ वाटलं होतं. आणि आपणही मान हलवली होती.

ऊन उतरलं तेव्हा रस्त्याने एक बाई येताना दिसली. केस विस्कटलेले, साडीवर ग्रीसचा काळा पट्टा, एक कोपर खरचटलेलं. जवळ येईपर्यंत वकीलबाई ओळखू आल्या नाहीत. जावयाने सगळ्यांना फोन केले होते तेव्हा त्यांनाही केला होता, आणि त्या तशाच निघाल्या होत्या. दुपारीच. त्यांना धाप लागली होती.

“कशी आहे?”

“आहे.”

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. मग पायरीशी उभ्या राहूनच म्हणाल्या, “फाटकात गाडी उभी आहे. मी दुपारपासून पलीकडे मोटारीत बसून होते. शेवटी मोटार तिथेच टाकली आणि डब्याखालून वाकून आले.”

भोंगाबाईने त्यांच्या साडीवरच्या ग्रीसकडे बघितलं. आवाज न चढवता, आयुष्यात कधी नव्हे इतक्या हळू आवाजात तिने विचारलं, “आणि माझी लेक कशी वाकली असती, वकीलबाई?”

वकीलबाई तिच्या खालच्या पायरीवर बसल्या आणि तोंड पदरात घातलं. भोंगाबाईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. पण उठूनही गेली नाही. दोघी तशाच बसून राहिल्या, मालगाडी हलायची वाट बघत.